फळे घालून झटपट स्टर-फ्राय: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

एकसारखे चिरलेले पदार्थ कडक तापलेल्या कढईत, थोड्या तेलावर, मोठ्या आचेवर हलवत काही मिनिटांत परतणे, याला स्टर-फ्राय म्हणतात. मूळची चीनमधील ही पद्धत उन्हाळ्यात विशेष सोयीची ठरते, कारण शेगडी पेटती राहते ती जेमतेम दहा ते बारा मिनिटे आणि स्वयंपाकघर तापण्याच्या आत जेवण तयार होते. त्यात ताजे फळ घातले की गोडी आणि बराचसा आंबटपणा फळाकडूनच मिळतो, त्यामुळे सॉसही साधा पुरतो. एवढे सगळे सोपे असूनही पहिल्यांदा करणाऱ्यांच्या कढईत बहुधा फळांच्या रसात शिजलेली मऊ भाजीच उरते. माझे पहिले दोन प्रयत्न असेच वाया गेले. पूर्ण पिकलेला आंबा मी कांद्याबरोबरच कढईत टाकला आणि पाच मिनिटांनी पिवळा लगदा व त्यात तरंगणारा कांदा एवढेच हाती आले. मसाला बरोबर होता, आचही मोठी होती. पाण्याचा हिशेब तेवढा मी केलेला नव्हता.

हा हिशेब आधी समजून घेतला तर पुढची कृती पाठ करावी लागत नाही. अननसाच्या वजनात सुमारे ८६ टक्के पाणी असते, आंब्यात सुमारे ८३ टक्के, पीचमध्ये ८८ टक्क्यांच्या आसपास आणि कलिंगडात सुमारे ९१ टक्के. फळाच्या पेशी शाबूत असतात तोवर हे पाणी आत बांधलेले राहते. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारे पेक्टिन उष्णतेने सुटू लागले, की फोड मऊ पडते आणि रस बाहेर येतो. हा रस कढईत साचला, की कढईची उष्णता पदार्थ भाजण्याऐवजी पाणी उकळण्यात खर्च होते. एक ग्रॅम पाणी २५ अंश सेल्सिअसवरून १०० अंशांपर्यंत तापवण्यास जेवढी उष्णता लागते, तिच्या सुमारे सातपट उष्णता त्याच पाण्याची वाफ करण्यास लागते, आणि पाणी शिल्लक असेपर्यंत त्यात बुडालेल्या पदार्थाचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही. खमंग तपकिरी रंग आणि भाजल्याचा वास मात्र साधारण १४० अंशांच्या पुढेच झपाट्याने तयार होतो. म्हणून ओलावा कढईत उतरण्याआधीच शक्य तितका कमी करायचा आणि जो उतरेल तो साचण्याच्या आत पदार्थ ताटात घ्यायचा, या दोन गोष्टींसाठीच खालील सगळी खटपट आहे.

फळ कोणते घ्यावे

नुसते खाण्यासाठी आपण पूर्ण पिकलेले, रसाळ, बोटाने दाबल्यावर दबणारे फळ शोधतो. कढईसाठी त्याच्या एक-दोन दिवस अलीकडचे फळ हवे असते, ज्यात गोडी उतरलेली आहे पण गर अजून घट्ट आहे. आंबा, पीच, नेक्टरिन, प्लम, पेअर आणि पपई ही फळे झाडावरून उतरवल्यानंतरही पिकत राहतात, त्यामुळे ती थोडी कडक असतानाच आणून रोज हलकेच दाबून पाहावीत आणि नेमक्या दिवशी वापरावीत. अननस, द्राक्षे, लिची आणि संत्री यांची गोष्ट वेगळी आहे. तोडणीनंतर त्यांची गोडी वाढत नाही आणि ठेवून दिल्यास ती फक्त शिळी होतात. अननसाच्या बुडाशी नाक नेल्यावर गोड वास यायला हवा. आंबूस, दारूसारखा वास आला तर तो उतरलेला आहे असे समजावे, आणि काहीच वास येत नसेल तर तो कितीही दिवस ठेवला तरी गोड होणार नाही.

पहिल्या प्रयत्नासाठी अननसच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा गर तंतुमय असल्याने कढईत मिनिटभर राहूनही फोडीचा आकार टिकतो, आंबट आणि गोड या दोन्ही चवी त्याच्यात एकत्र आहेत, आणि एखादी बाजू जरा जास्त भाजली गेली तर ती उलट अधिकच चविष्ट लागते. हात बसल्यावर घट्ट पीच, प्लम किंवा अर्धवट पिकलेला आंबा घ्यावा. सफरचंद आणि पेअर हाताळायला सोपी असली तरी त्यांच्यात आंबटपणा कमी असतो, तेव्हा लिंबू थोडे वाढवावे लागते. द्राक्षे आणि लिची अगदी शेवटी घालायची असतात. जेवणाऱ्यांत लहान मुले असतील तर द्राक्ष उभे चिरूनच घालावे, कारण अखंड द्राक्ष घशात अडकू शकते. केळे, स्ट्रॉबेरी आणि कलिंगडाचा लाल गर यांच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये. कलिंगडाच्या सालीलगतचा पांढरा करकरीत भाग मात्र वरची हिरवी साल तासून काकडीप्रमाणे उत्तम परतता येतो, आणि बहुतेक घरांतून तो कचऱ्यात जातो याचे मला दरवर्षी वाईट वाटते.

गोठवलेले फळ या कामाला घेऊ नये. गोठताना तयार होणाऱ्या बर्फाच्या स्फटिकांनी पेशी फाटतात आणि फोड वितळताच तिच्यातून रस वाहू लागतो. डबाबंद अननस अडीअडचणीला चालतो, पण तो आधीच शिजलेला असतो आणि बहुधा पाकात बुडवलेला असतो. तो चाळणीत निथळून, कापडाने टिपून आणि सॉसमधील साखर पूर्ण वगळून वापरावा.

कढई, तेल आणि आच

लोखंडी किंवा कार्बन स्टीलची कढई असल्यास सर्वांत चांगले, कारण ती कडक तापवलेली चालते. जाड बुडाची स्टीलची कढई किंवा पसरट पॅनही चालेल. सपाट विद्युत शेगडी किंवा इंडक्शन असेल तर सपाट बुडाचेच भांडे घ्यावे. गोल बुडाच्या कढईला तिथे उष्णता फक्त एका बिंदूतून मिळते. नॉनस्टिक पॅन रिकामा ठेवून मोठ्या आचेवर तापवणे टाळावे, कारण सुमारे २६० अंशांच्या पुढे त्याचे आवरण विघटित होऊ लागते आणि त्यातून निघणारा धूर अपायकारक असतो. घरात तेवढेच भांडे असेल तर तेल घालूनच ते मध्यम आचेवर तापवावे आणि रंग थोडा कमी येईल हे मान्य करावे.

तेल शुद्ध केलेले म्हणजे रिफाइंड असावे. रिफाइंड शेंगदाणा किंवा सोयाबीन तेल साधारण २३० अंशांपर्यंत धुरावत नाही, त्यामुळे मोठ्या आचेला ते पुरून उरते. भाजलेल्या तिळाचे गडद तेल आणि लोणी यांचा धूर फार लवकर निघतो. असे तिळाचे तेल वापरायचेच असेल तर ते आच बंद केल्यावर सुगंधासाठी अर्धा चमचा घालावे.

आचेबाबत एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. उपाहारगृहातील स्वयंपाकी कढई उडवत सतत हलवताना दिसतात, म्हणून आपणही सतत ढवळत राहावे असे नवशिक्याला वाटते. त्यांच्या शेगडीची ज्योत घरच्या शेगडीपेक्षा कितीतरी पटींनी जोरकस असते आणि कढईला पुन्हा तापायला त्यांना क्षणभरही लागत नाही. घरच्या शेगडीवर पदार्थ पसरून २० ते ३० सेकंद स्वस्थ राहू द्यावा, मग एकदा खालवर करावा आणि पुन्हा थांबावे. चरचर आवाज चालू आहे तोवर काम नीट चालले आहे असे समजावे. तो आवाज मंदावून खदखद ऐकू येऊ लागली, की कढईत पाणी साचले आहे.

साहित्य

दोन माणसांच्या एका वेळच्या जेवणासाठी सोललेल्या अननसाच्या फोडी २०० ग्रॅम, घट्ट टोफू २०० ग्रॅम, एक मध्यम लाल किंवा पिवळी ढोबळी मिरची, एक मध्यम कांदा, चार पाकळ्या लसूण, अंगठ्याच्या पेराएवढे आले, एक-दोन ताज्या मिरच्या, दोन कांद्यांची पात आणि सुमारे अडीच मोठे चमचे तेल एवढे लागते. सॉससाठी दोन मोठे चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा साधे व्हिनेगर, तीन मोठे चमचे पाणी आणि एक लहान चमचा कॉर्नफ्लॉवर घ्यावे. येथे मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटर आणि लहान चमचा म्हणजे ५ मिलिलिटर. साखर मी यादीत मुद्दाम घातलेली नाही. ती लागेल की नाही हे फळ चाखल्यावरच ठरते. वेगळे मीठही घालू नये, कारण सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असते आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचवलेली मर्यादा दिवसाला २००० मिलिग्रॅमहून कमी आहे. ज्यांना मीठ कमी खायचे आहे त्यांनी सोया सॉस निम्मा करून लिंबू आणि आले वाढवावे. फळाच्या आंबटगोड चवीमुळे ही उणीव फारशी जाणवत नाही.

टोफूऐवजी हाडाविना चिकन घ्यायचे असेल तर २५० ग्रॅम पुरते. कोळंबी घ्यायची असल्यास सोललेली २५० ग्रॅम घ्यावी.

पूर्वतयारी

या पदार्थाचा तीन चतुर्थांश वेळ पूर्वतयारीत जातो, आणि तो जाऊ द्यावा. शेगडी पेटल्यानंतर लसूण सोलायला किंवा सॉसची बाटली शोधायला उसंत मिळत नाही.

सर्वप्रथम टोफूच्या कामाला लागावे, कारण त्याला सर्वाधिक वेळ लागतो. टोफू स्वच्छ कापडात गुंडाळून ताटलीत ठेवावा, वर दुसरी ताटली आणि तिच्यावर पाण्याने भरलेले भांडे ठेवून वीस मिनिटे दाबू द्यावे. कापड ओले झालेले दिसेल. ते पाणी एरवी कढईत गेले असते. नंतर टोफूचे दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करून त्यांच्यावर एक लहान चमचा कॉर्नफ्लॉवर भुरभुरावे आणि हलक्या हाताने घोळवून घ्यावेत, म्हणजे बाहेरून पातळ कुरकुरीत कवच येते.

टोफू दाबला जात असताना फळाकडे वळावे. फळ कापण्याआधी ते अख्खे असतानाच वाहत्या पाण्याखाली धुवावे, कारण सालीवरची घाण सुरीबरोबर आत जाते. अननसाचा शेंडा आणि बुडखा कापून तो उभा करावा, वरून खाली साल तासावी, तिरप्या ओळीत येणारे डोळे खाचा पाडून काढावेत आणि मधला कडक दांडा वेगळा करावा. गराचे दीड सेंटिमीटर जाडीचे, एका घासात खाता येतील एवढे तुकडे करावेत. याहून लहान तुकडे कढईत विरघळल्यासारखे होतात आणि फार मोठे तुकडे आतून थंडच राहतात. आता एक तुकडा चाखून पाहावा. तो आंबट असेल तर सॉसमध्ये अर्धा लहान चमचा साखर घालावी आणि लिंबू निम्मे करावे. भरपूर गोड असेल तर लिंबू वाढवावे. त्यानंतर फोडी चाळणीत दहा मिनिटे निथळत ठेवाव्यात, खाली वाडगा ठेवून रस जमा करावा आणि शेवटी प्रत्येक फोड कोरड्या कापडाने टिपून घ्यावी. टिपण्याचा कंटाळा येतो हे मला मान्य आहे, तरी ही एकच पायरी गाळली तर बाकी सगळे नीट करूनही निकाल बिघडतो. जमलेला रस वाया घालवू नये; सॉसमधील पाण्याऐवजी तोच तीन मोठे चमचे वापरावा.

भाज्या चिरताना आकार फळाच्या तुकड्यांएवढाच ठेवावा. कांदा चौकोनी मोठा चिरून पाकळ्या सुट्या कराव्यात, ढोबळी मिरचीतील बिया आणि पांढऱ्या शिरा काढून चौकोनी तुकडे करावेत. आले व लसूण किसू नये, बारीक चिरावे. किसलेले आले-लसूण कढईला चिकटते आणि करपते. भाज्या धुतल्या असतील तर त्याही पुसून कोरड्या कराव्यात, आणि चिरल्यावर त्यांना मीठ लावू नये, कारण मिठाने पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते.

चिकन करणाऱ्यांसाठी दोन सूचना. फळ आणि भाज्या आधी चिराव्यात, चिकन सर्वांत शेवटी आणि शक्यतो वेगळ्या फळीवर कापावे. कच्चे चिकन धुऊ नये, कारण शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर पसरतात. चिकनचे तंतूंना आडवे, अर्धा सेंटिमीटर जाडीचे काप करून त्यांना एक लहान चमचा सोया सॉस, एक लहान चमचा कॉर्नफ्लॉवर आणि एक लहान चमचा तेल चोळून पंधरा मिनिटे ठेवावे. या मिश्रणात अननसाचा ताजा रस घालण्याचा मोह होतो; तो आवरावा. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचे विकर असते आणि ते प्रथिने तोडते. थोडा वेळ ठेवल्यास मांस मऊ होते, पण तासभर ठेवल्यास त्याचा पृष्ठभाग पिठासारखा भुसभुशीत होतो. पपईतील पपेन आणि किवीतील ॲक्टिनिडिन यांचेही काम तेच. उष्णतेने ही विकरे निष्क्रिय होतात, म्हणून शेवटी सॉसमध्ये उकळणाऱ्या रसाने काही बिघडत नाही.

सॉस एका वाटीत कालवून ठेवावा. सोया सॉस, लिंबाचा रस आणि फळाचा रस एकत्र करून त्यात कॉर्नफ्लॉवर गुठळी न राहता मिसळावे. कॉर्नफ्लॉवर गरम द्रवात थेट टाकल्यास बाहेरचा थर लगेच फुगून आत कोरड्या गुठळ्या राहतात, म्हणून ते नेहमी गार द्रवातच कालवावे. ते थोड्या वेळात तळाशी बसते, हे मात्र लक्षात ठेवावे.

भात किंवा नूडल्स शेगडी पेटवण्याआधी तयार हव्यात. शेवटी सगळे साहित्य ज्या क्रमाने कढईत जाणार आहे त्याच क्रमाने शेगडीशेजारी मांडावे, आणि एक रिकामे ताट जवळ ठेवावे. त्याचे काम लगेच पडणार आहे.

कढईवरची दहा मिनिटे

रिकामी लोखंडी किंवा स्टीलची कढई मोठ्या आचेवर दोन ते तीन मिनिटे तापू द्यावी. तिच्यात पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. थेंब जागच्या जागी चुरचुरून आटला तर कढई अजून पुरेशी तापलेली नाही. थेंब पाऱ्याच्या गोळीसारखा इकडेतिकडे पळू लागला म्हणजे ती तयार आहे. पाणी पूर्ण उडून गेल्यावर एक मोठा चमचा तेल कडेने सोडावे आणि कढई फिरवून ते सगळीकडे पसरवावे. खिडकी उघडी किंवा पंखा चालू असावा, कारण थोडा धूर होणारच.

टोफूचे तुकडे एका थरात पसरावेत आणि दीड मिनिट त्यांना हात लावू नये. खालची बाजू तांबूस झाली की ते आपोआप सुटून येतात. ओढून काढावे लागत असतील तर अजून वेळ द्यावा. कालथ्याने उलटून आणखी अडीच-तीन मिनिटे दोन-तीन बाजू भाजून घ्याव्यात आणि टोफू ताटात काढावा. चिकन असेल तर तेही असेच एका थरात, गरज पडल्यास दोन खेपांत, तीन ते चार मिनिटे परतावे. आत गुलाबी रंग राहता कामा नये, आणि तापमापक असेल तर सर्वांत जाड तुकड्याच्या आत ७४ अंश दिसले पाहिजेत. कोळंबी दोन ते अडीच मिनिटांत अपारदर्शक होऊन वळते. ती तेव्हाच काढावी, नाहीतर रबरासारखी होते.

आता अननस. तो दोनदा कढईत जातो, आणि घरच्या शेगडीवर हाच मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो. कढई पुन्हा चांगली तापली की एक लहान चमचा तेल घालून कोरड्या केलेल्या फोडी एकमेकींना न चिकटता पसराव्यात आणि चाळीस ते पंचेचाळीस सेकंद तशाच राहू द्याव्यात. फळातील फ्रुक्टोज ही साखर सुमारे ११० अंशांनाच तांबूस होऊ लागते, साध्या साखरेला त्यासाठी सुमारे १६० अंश लागतात; म्हणून फोडींना रंग झटकन येतो आणि करपायलाही त्या तितक्याच तत्पर असतात. खालच्या बाजूला तपकिरी डाग दिसताच, दुसरी बाजू भाजण्याचा आग्रह न धरता, फोडी लगेच ताटात काढाव्यात. कढईच्या तळाला पाक चिकटला असेल तर दोन चमचे पाणी टाकून तो खरवडावा आणि कापडाने किंवा कागदाने चिमट्याने धरून पुसून घ्यावा. हा पाक तसाच राहिला तर पुढच्या भाजीला कडवट वास येतो.

उरलेले तेल घालून कांदा आणि ढोबळी मिरची एकदम टाकावी व मोठ्या आचेवर दीड ते दोन मिनिटे, मधूनमधून थांबत, परतावी. कांद्याच्या कडा तपकिरी व्हाव्यात, पण पाकळी दाताखाली करकरली पाहिजे. मग भाजी कडेला सारून मध्ये जागा करावी आणि तिथे आले, लसूण व मिरची टाकून वीस-पंचवीस सेकंद परतावी. अनेक कृतींत लसूण सर्वांत आधी घालायला सांगतात. कडक तापलेल्या कढईत तो भाजी शिजेपर्यंत काळा पडतो, म्हणून मी तो भाजीनंतर घालतो. लसणाचा वास उठला की सगळे एकत्र करावे.

टोफू आणि अननस ताटात साचलेला रस बाजूला ठेवून कढईत परत घालावेत. वाटीतला सॉस तळापासून पुन्हा ढवळून कढईच्या कडेने ओतावा; तापलेल्या कडेवर तो लगेच उकळतो आणि सोया सॉसला छान वास सुटतो. कॉर्नफ्लॉवरमधील स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंशांपासून फुगू लागतो, परंतु कच्ची चव जाऊन चकाकी येण्यासाठी सॉसला उकळी फुटावी लागते. तीस ते चाळीस सेकंदांत सॉस पारदर्शक होऊन प्रत्येक तुकड्यावर पातळ थरासारखा बसतो. त्याच क्षणी आच बंद करावी. आंबट सॉस बराच वेळ उकळत ठेवला तर आम्लामुळे स्टार्च तुटतो आणि दाट झालेला सॉस पुन्हा पातळ होतो, शिवाय फळही मऊ पडते. वर कांद्याची पात, हवे असल्यास भाजलेले तीळ आणि थोडी कोथिंबीर किंवा पुदिना घालून लगेच वाढावे. झाकण ठेवू नये. अडलेली वाफ पाणी होऊन खाली उतरते आणि सगळी मेहनत पाच मिनिटांत मऊ पडते.

माणसे चार असतील तर साहित्य दुप्पट करावे, पण ते एकाच कढईत एकदम कोंबू नये. कढई निम्म्याहून अधिक भरली की तिचे तापमान कोसळते. दोन वेळा परतायला आणखी दहा मिनिटे लागतात, एवढेच.

बिघडले तर

तळाशी पातळ रस साचला असेल तर शिजवत राहणे हा उपाय नाही. झाऱ्याने सगळे तुकडे ताटात काढावेत, फक्त रस मोठ्या आचेवर आटवावा आणि दाट झाल्यावर तुकडे त्यात घोळवावेत. फार गोड झाले तर लिंबू आणि चिरलेली ताजी मिरची, फार आंबट झाले तर चिमूटभर साखर, खारट झाले तर आणखी फळ आणि बिनमिठाचा भात कामी येतो. करपलेल्या लसणावर मात्र इलाज नाही. त्याचा कडवटपणा सॉसने झाकला जात नाही, तेव्हा कढई पुसून तेवढी पायरी नव्याने करावी.

फळ बदलताना

पीच आणि प्लम यांची साल काढू नये, तीच फोडीला धरून ठेवते. बी काढून जाड फोडी कराव्यात आणि त्या दोनदा कढईत न घालता सॉस ओतण्याआधी फक्त तीस-चाळीस सेकंद परताव्यात. यांच्याबरोबर कोवळ्या शेंगा किंवा मश्रूम चांगले लागतात, मात्र मश्रूमला स्वतःचेच पाणी भरपूर सुटते, म्हणून ते वेगळे परतून कोरडे करून घ्यावेत. अर्धवट पिकलेला आंबा कोळंबीशी उत्तम जुळतो. तो सॉस घातल्यानंतरच घालावा आणि दोनदाच हलवावा. कच्ची पपई लांब पातळ चिरून भाजीसारखी कांद्याबरोबर टाकता येते, तर पिकलेली पपई कढईत घालूच नये. सफरचंद चिरल्यावर काळे पडते, त्याला लिंबाचा रस चोळून ठेवावा आणि तोच रस सॉसमधून वजा करावा. द्राक्षे, लिची आणि संत्र्याच्या सोललेल्या फोडी आच बंद केल्यावर उरलेल्या उष्णतेवरच कोमट होऊ द्याव्यात.

उरलेला पदार्थ आणि कढई

हा पदार्थ उरवू नये, कारण दुसऱ्या दिवशी त्यातली करकरीत चव राहत नाही. तरीही उरलाच तर शिजवल्यापासून दोन तासांच्या आत, आणि खोलीचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासाच्या आत, पसरट डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा. भातही तितक्याच लवकर थंड करून ठेवावा. शिजवलेला भात बाहेर राहिल्यास त्यातील बॅसिलस सेरियस या जिवाणूचे विष तयार होऊ शकते आणि ते पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. दुसऱ्या दिवशी उरलेला भाग मोठ्या आचेवर पुरता वाफाळेपर्यंत गरम करून संपवावा.

लोखंडी कढईत पदार्थ वाढून झाल्यावर क्षणभरही ठेवू नये, कारण फळातील आम्ल कढईवरचा तेलाचा काळा थर खाते आणि पदार्थाला लोखंडी चव येते. कढई कोमट असतानाच साध्या पाण्याने आणि मऊ घासणीने धुवावी, शेगडीवर ठेवून पूर्ण वाळवावी आणि तेलाचे दोन थेंब कापडावर घेऊन आतून पुसून ठेवावी.